शंभरावर पाच

शाळेची चिठ्ठी आली तेव्हा थोरली मिरचीच्या वाफ्याशी उकिडवी बसून रोपं उपटत होती. चार दिवस गरम वारा सुटला होता. रोपं बघता बघता टाचा वर करून उभी राहायला लागली होती. अजून चार दिवस वाफ्यात राहिली की ती लागणीच्या कामाची उरणार नव्हती, आणि गिऱ्हाईक सगळं नेमकं याच आठवड्यात जागं झालेलं. लागणीच्या दिवसांत आपल्या रोपवाटिकेत कोणाला मरायलाही सवड नाही, असं थोरली म्हणायची. अगदीच कोणाला मरायचं असेल, तर संध्याकाळी वाफे भिजवून झाल्यावर मरावं.

थोरली तिला सगळेच म्हणत. घरात वयानं थोरली म्हणून, आणि दुसरं काही म्हणायची कोणाची छाती नव्हती म्हणून. शाळेत ती दीड वर्ष गेली होती. त्या दीड वर्षात शाळेनं तिला काय दिलं ते कोणाला माहीत नाही, पण तिनं शाळेला काय सुनावलं असेल याचा अंदाज सगळ्यांना होता.

चिठ्ठी आणली नातीनं. नात चौथीत होती. एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत.

"आजी, बाईंनी दिलीय."

"वाच."

"मी नाही वाचणार. माझ्याबद्दलच आहे."

मग थोरलीच्या मुलानं झारी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि वाचलं. गणितात प्रगती असमाधानकारक. तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा. तीत न जमल्यास विद्यार्थिनीस तिसरीच्या वर्गात बसवण्यात येईल.

थोरलीचा हात थांबला. लागणीच्या दिवसांत तो हात थांबलेला सुनेनं लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा पाहिला.

"तिसरीत? तिसरी तर हिची झाली की. झालेली यत्ता पुन्हा वाढायची? उष्टं आहे का ते?"

"आई, बोलते म्हणून राग धरू नका," सून म्हणाली. ती राग धरू नका म्हणाली की थोरली आधी राग धरायची आणि मग ऐकायची. "गेल्या साली पोर वर्गात पहिली होती. यंदा तुम्ही तिला रोपं मोजायला बसवलंत आणि तेव्हापासून हे सुरू झालं."

"मोजायला बसवलं म्हणून गणित गेलं? पाण्यात टाकलं म्हणून कोणी कोरडं राहिलं होतं का गं आजवर?"

थोरलीनं नातीला ओल्या गोणपाटापाशी बसवलं. "मोज गं. बघू दे तुझ्या आईला."

भिंगरी मोजायला लागली. बोटांच्या बेचक्यांत रोपं धरून पाच-पाचचा घास उचलायचा, पाच घास झाले की जुडी. पंचवीसच्या चार जुड्या झाल्या, त्यावर तिनं पाच रोपं सुटी ठेवली, गोणपाट गुंडाळलं आणि सुतळी मारली. "शंभर," म्हणाली.

वरची पाच ही मरीची. गाडीत नेताना, शेतात लावताना चार-पाच रोपं मान टाकतातच. गिऱ्हाइकाच्या शंभरात तूट येऊ नये, म्हणून थोरलीच्या सासूनं ही रीत घातली होती. पन्नास घेणाऱ्याला पन्नासच, पण शंभराला पाच वर. दोनशेला दहा, पाचशेला पंचवीस. या घरात शंभर म्हटल्यावर एकशे पाचच्या खाली कोणाचा हात थांबलेला नव्हता.

"बघ हिचे हात," थोरली सुनेला म्हणाली. "डोकं बंद असतं तर हात असे चालले असते? बाईच कच्ची असेल ती."

दुसऱ्या दिवशी ती तसंच विचारायला शाळेत गेली.

वर्गात मोठ्या माणसाला बसायला खुर्ची एकच, आणि तिच्यावर वर्गबाई. थोरलीला मुलांच्या बाकावर बसावं लागलं. बसताना ती बसली, पण गुडघे फळीखाली अडकले आणि पुढचं सगळं बोलणं तिनं तशीच अडकून ऐकलं. पायाच्या चिखलाचे दोन ठसे फरशीवर उमटले होते. वर्गबाईंनी ते पाहिले, आणि वर्गबाईंनी ते पाहिले हे थोरलीनं पाहिलं.

वर्गबाई वयानं लहान आणि आवाजानं मऊ होत्या. भांडणाऱ्या माणसाची त्यामुळे फार पंचाईत होई.

"नुसते आकडे दिले की ती बरोबर करते," त्या म्हणाल्या. "तीनशे अधिक दोनशे, पाचशे. चूक नाही. पण शाब्दिक उदाहरण आलं की संपलं. हे बघा. एका पेटीत शंभर लिंबं, तीन पेट्यांत किती? हिनं लिहिलंय तीनशे पंधरा. दोनशे पेन्सिली पाच मुलांना सारख्या वाटल्या, हिच्या मते प्रत्येकाला बेचाळीस. आणि हे तर कळसच. पुस्तकाची पानं शंभर, चाळीस वाचून झाली, राहिली किती? पासष्ट! आता मला सांगा, पुस्तकाला पानं फुटतात का?"

थोरलीचं अर्धं लक्ष गुडघ्यांकडे होतं. उरलेल्या अर्ध्यानं ऐकलं त्यात तिला चूक काही वाटली नाही. पण समोर कागदभर लाल फुल्या, अडकलेल्या जागेवरून भांडणार कशी?

"मग करायचं काय?"

"चांगली शिकवणी लावा. तीन आठवडे आहेत."

बाकातून तिला दोघांनी धरून काढलं, वर्गबाईंनी आणि शिपायानं. हे तिनं घरी सांगितलं नाही. भिंगरीनं सांगितलं.

पहिला शिकवणीवाला म्हणजे रिटायर्ड पोस्टमास्तर. गल्लीच्या तोंडाशी राहायचे, स्वेटर कधी काढायचे नाहीत. थोरली नातीला घेऊन गेली आणि जाताना कोबीच्या रोपांची एक जुडी घेऊन गेली, हात रिकामा दिसू नये म्हणून.

"पाढे येतात?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

भिंगरीनं दोनापासून सुरुवात केली. सातापर्यंत पोस्टमास्तर मान डोलवत होते. अकरापर्यंत मान छातीवर आली. पंधराच्या पाढ्याला ते घोरायला लागले. भिंगरी थांबली तसे दचकून जागे झाले.

"का थांबलीस?"

"तुम्ही झोपलात."

"झोपलो नव्हतो. ऐकत होतो." त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "पोरीला काही झालेलं नाही. पाढे खणखणीत आहेत. लक्ष नसेल परीक्षेत. बदाम घाला खायला."

चार दिवस भिंगरीनं बदाम खाल्ले आणि पोस्टमास्तरांना झोपवलं. पाचव्या दिवशी शाळेतून आणखी एक कागद आला. विटा पाचशे, भिंतीला लागल्या शंभर, उरल्या चारशे वीस. त्यावर लाल फुली.

"बदाम मी खायला हवे होते," थोरली पोस्टमास्तरांना म्हणाली. "तुमच्या शिकवणीच्या नादी लागले."

दुसरा होता खतांच्या दुकानातला पदवीवाला. दिवसभर तो पोती द्यायचा आणि संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत पोरांना शिकवायचा. खोलीत युरियाचा वास, भिंतीला पांढरा फळा, आणि पदवीवाल्याच्या बोलण्यात अर्धे शब्द असे की थोरलीला वाटायचं, हा आपल्याशी बोलतोय की दुसऱ्या कोणाशी फोनवर.

"हिचा बेसिक कन्सेप्ट क्लिअर नाही, आजी."

"म्हणजे?"

"म्हणजे पायाच कच्चा आहे."

"मग पाया म्हण की. एवढे वळसे घालून कशाला येतोस?"

पदवीवाला हसला. वाईट नव्हता तो, फक्त शहाणा होता. "घरातलं वातावरण बघावं लागतं. पालकांचाही सहभाग हवा. तुम्हीच सांगा बघू, आजी. शंभर लिंबांच्या तीन पिशव्या. लिंबं किती?"

थोरलीनं हिशेबाला डोळेसुद्धा हलवले नाहीत. आयुष्य गेलं होतं यात. "तीनशे पंधरा."

खोलीतली पोरं फिसकन हसली. पदवीवाल्यानं हसू आवरायला फळ्याकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

"नातीचं उत्तरही हेच, आजी."

"मग झालं तर! दोघींचं एक आणि तुझं एकट्याचं वेगळं. चुकलं कोणाचं?"

आता पोरांनी तोंडावर हात ठेवणंही सोडून दिलं. पदवीवाल्यानं आपला मोबाइल काढून तिच्या नाकासमोर धरला. त्यावर तीन आणि पुढे दोन शून्यं. तेवढं तिला वाचता येत होतं.

"वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

हे त्यानं हळू म्हटलं. मागच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू गेलं.

घरी येताना भिंगरीनं दोनदा आजीच्या तोंडाकडे पाहिलं, मग बडबड बंद केली. वाटेत पाणी सोडलेला पाट होता. थोरलीनं तिथे पाय धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदाही धुतले. तीस वर्षं लोकांची शेतं आपल्या मोजणीवर उभी राहिली, कोणी एक रोप कमी आलं म्हणून परत आलं नाही. आणि आज लिंबं मोजता आली नाहीत. म्हणजे तेव्हाही येत नव्हती का? लोक बिचारे गप्प बसत होते का? दीड वर्षात शाळेनं आपल्याला बाहेर काढलं ते आपल्या तोंडामुळे, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. ते डोक्यामुळे असलं तर? आणि तेच आता पोरीत उतरलं असलं तर?

रात्री ती जेवली, पण मीठ कमी आहे असं म्हणाली नाही. सून घाबरली.

सकाळी थोरली म्हणाली, "शिट्टीकडे जाते."

मुलाच्या हातातली झारी पडली.

शिट्टी म्हणजे एसटीतली रिटायर्ड कंडक्टर बाई. तिचा हिशेब अख्ख्या गावाला माहीत होता. भरलेल्या गाडीत एकदा मागून पुढे गेली की किती डोकी, किती तिकिटं आणि कोण फुकटा, सगळं तिच्या ओठावर. पण बारा वर्षांपूर्वी तिनं थोरलीला वांग्याच्या रोपांच्या सहा पेट्यांसह भर रस्त्यात खाली उतरवलं होतं. "ही माणसांची गाडी आहे, वांग्यांची नाही," म्हणाली होती. थोरली सहा पेट्या तीन खेपांत चालत घेऊन आली. त्यानंतर त्या बाईच्या गाडीत ती बसली नाही, आणि बाई समोरून आली की रस्ता बदलायची नाही, बाईला बदलायला लावायची.

शिट्टी अंगणात गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. थोरलीला बघून तिनं हात थांबवला नाही.

"ये. पेट्या आणल्यास का?"

"नात आणलीय."

"नातीला अर्धं तिकीट."

थोरलीनं ओठ आवळले. बारा वर्षं जपून ठेवलेली वाक्यं तोंडाशी आली होती, एकेक चांगली पाजळलेली. तिनं ती सगळी गिळली. "पोरीला तिसरीत बसवणार आहेत. दोन ठिकाणी शिकवणी लावून झाली. तुला हिशेब येतो, असं लोक म्हणतात."

"लोक म्हणतात. तू नाही म्हणत."

"मी आलेय ना दारात? आणखी काय म्हणू?"

शिट्टीनं तेलाची वाटी बाजूला केली आणि भिंगरीकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, तिकीट नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं. "फी बी नको. मला तीनशे रोपं मिरचीची दे. परसात लावायचीत. आणि मी तिकडेच येते शिकवायला. घरी बसून गुडघे गंजलेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी आली. वारा पडला होता आणि ऊन मातीतून वर येत होतं. सुनेनं तिला सावलीला स्टूल दिलं. भिंगरीनं तिची तीनशे रोपं मोजून तीन गोणपाटांत बांधली.

शिट्टीनं सुतळ्या सोडल्या.

"हे काय करतेस?" थोरली म्हणाली.

"मोजून घेते."

"आमच्याकडून आजवर कोणी मोजून घेतलेलं नाही!"

"मी सख्ख्या भावालासुद्धा तिकीट पंच केल्याशिवाय बसू दिलं नाही." आणि तिनं ओठ हलवत, बोटानं टिचक्या देत, एकेक रोप मोजलं. तीनही गोणपाटं. मग म्हणाली, "पोरी, तुझं चुकलं. पंधरा जास्त आलीत."

"जास्त नाहीत," भिंगरी म्हणाली. "तीनशेच आहेत."

"तीनशे पंधरा आहेत. मी मोजलीत."

"हो, तेच म्हणतेय मी. तीनशे."

शिट्टी तिच्याकडे बघत राहिली. "तीनशे म्हणजे किती गं?"

"तीनशे पंधरा." पोरीला वाटलं, या आजीचंही गणित कच्चं दिसतं. तिनं समजुतीनं सांगितलं, "शंभराला पाच मरीची ना."

"लिंबं शंभर असली तर?"

"एकशे पाच."

"आणि पुस्तकाची पानं?"

"तीपण. कोणाकोणाची फाटतात."

शिट्टीनं शाळेचे कागद मागितले. दप्तरातून ते निघाले, चुरगळलेले, लाल फुल्यांचे. शिट्टीनं एकेका फुलीवर बोट ठेवलं. तीनशे पंधरा. बेचाळीस. पासष्ट. चारशे वीस. मग तिनं कागद मांडीवर ठेवला आणि अशी हसायला लागली की स्टूल कुरकुरलं. हसताना ती दोन्ही हातांनी गुडघे धरून, "अगं आई गं, अगं आई गं," म्हणत होती, कारण गुडघेही दुखत होते.

"एकही चूक नाही!" ती म्हणाली. "अख्ख्या कागदावर एकही चूक नाही! नात नुसती तुझ्या वाफ्यावरून सरळ परीक्षेला गेलीय. तिथे दोनशे पेन्सिली दिसल्या, हिनं दहा मरीच्या धरून वाटल्या. कोण म्हणतं गं आडात नाही? आडातच आहे, म्हणून तर पोहऱ्यात काठोकाठ आलंय!"

आडाचं कोण बोललं होतं, हे शिट्टीला ठाऊक नव्हतं. थोरलीला होतं. ती वाफ्याच्या कडेला बसली. म्हणजे टेकली, मग बसलीच. डोळ्यांत काही आलं ते तिनं मातीच्या हातानं पुसलं आणि गालावर चिखलाचा एक पट्टा ओढला गेला.

"म्हणजे लिंबं तीनशेच होती का गं?" तिनं विचारलं.

"तीनशेच होती."

"आणि मी त्या खतवाल्या पोराला वेडं ठरवून आले."

"तो आहेच," शिट्टी म्हणाली. "एवढं शिकून पोरीला एकदाही विचारलं नाही, हे पंधरा कुठून आणलेस म्हणून."

सुनेनं चहा आणला. तिच्या तोंडावर 'मी सांगितलं होतं' असं लिहिलेलं होतं. थोरलीला तेही वाचता आलं.

"बोल, बोल. बोलून घे," ती म्हणाली. "वर्षाचं आज बोलून घे."

"मी कुठं काय म्हणते, आई? साखर बघा बरोबर आहे का."

शिकवणी त्या दिवशी पाच मिनिटांत संपली. पण ती शिट्टीला जमली नाही, थोरलीलाच द्यावी लागली. शिट्टी सांगत होती, शंभर म्हणजे शंभर, आणि भिंगरी विचारत होती, मग आजीचं खोटं का? खोटं म्हटल्यावर थोरली उठली. तिनं नातीला समोर घेतलं.

"हे बघ. रोप जिवंत असतं. जिवंत आहे ते मान टाकतं, म्हणून वर पाच द्यायची. शाळेतलं काही जिवंत नसतं. पेन्सिली मरत नाहीत, विटा मरत नाहीत. शाळेत शंभर म्हणजे शंभरच. त्यांना मर नाही."

भिंगरीनं विचार केला. "मग आधी का नाही सांगितलं?"

थोरली सुटलेल्या सुतळ्या गोळा करायला लागली. हे शिट्टीनं पाहिलं आणि त्या पाहण्यातच तिला बारा वर्षांपूर्वीच्या सहा पेट्यांचं भाडं मिळालं.

पुढचे दिवस शिट्टी रोज आली. शिकवण्यापेक्षा भांडायला जास्त. दोघी वाफ्याच्या दोन कडांना बसायच्या आणि मधून भिंगरीवर उदाहरणं फेकायच्या. गाडीत शंभर माणसं, तीस उतरली. "सत्तर!" "आणि म्हातारीला पेट्यांसकट उतरवली तर?" थोरली विचारायची. "मग गाडीत जागा किती झाली ते काढ," शिट्टी म्हणायची.

फेरपरीक्षेच्या सकाळी भिंगरी दारातून परत फिरली. "आजी, लिंबं मरत नाहीत ना?"

"कुजतात. पण शाळेतली कुजत नाहीत. जा."

त्या दिवशी थोरलीचा हात मोजायला ठरेना. एका गिऱ्हाइकाला तिनं शंभर म्हणून एकशे तीस दिली. त्यानं तोंडातून शब्द काढला नाही आणि सायकल नेहमीपेक्षा जोरात मारली.

दोन दिवसांनी वर्गबाई स्वतः रोपवाटिकेत आल्या. चपला हातात घेऊन, वाफ्यांच्या मधून, चिखलात दोन ठसे उमटवत. थोरलीनं ते पाहिले. तिला फार बरं वाटलं.

"सगळी उदाहरणं बरोबर आहेत," वर्गबाई म्हणाल्या. "चौथीतच राहील ती. पण हे एक मला कळलं नाही, म्हणून आले."

त्यांनी कागद पुढे केला. मग लक्षात येऊन स्वतःच वाचला. "माळ्यानं चारशे रोपं आठ वाफ्यांत सारखी लावली, तर एका वाफ्यात किती? हिनं लिहिलंय पन्नास. बरोबर. पण खाली लिहिलंय, 'आणि वीस रोपं मरीची, ती माळ्यानं बांधावर लावावीत, कारण ही खरी रोपं आहेत.'"

थोरलीनं नातीकडे पाहिलं. भिंगरी सुतळीची गाठ फार मन लावून मारत होती.

मग थोरलीला सगळंच सांगावं लागलं. सासूची रीत, शंभरावरची पाच, लिंबं, पानं. सांगताना ती कागदाकडे बघत नव्हती, वाफ्याकडे बघत होती. "चूक पोरीची नव्हती," शेवटी ती म्हणाली. एवढं बोलायला तिला बाकातून निघताना लागला होता तेवढाच वेळ लागला. "माझ्याकडून गेली ती."

वर्गबाईंच्याही डोळ्यांसमोरून सगळ्या लाल फुल्या जात असाव्यात. "मी तिला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग झेंडूच्या वाफ्याकडे बघत, "शाळेच्या कुंपणाला लावायला झेंडूची रोपं मिळतील? शंभर."

भिंगरीनं मोजून बांधली. वर्गबाईंनी गणिताची बाई म्हणून तिथेच सोडून मोजली आणि सुटी पाच रोपं अलगद वाफ्यावर ठेवली. "ही पाच वरची. शाळेत मर नाही ना?"

थोरलीनं ती पाच उचलली. "कोण लावणार ही?"

"मुलंच लावतील."

"पाणी कोण घालणार?"

"मुलंच. सगळी मिळून."

"सगळी मिळून!" थोरलीनं ती पाच परत जुडीत खोचली आणि वाफ्यातून आणखी पंधरा उपटली. "मग ही वीस न्या."

भिंगरी बोटांवर काही मोजत होती. "आजी, म्हणजे आता शंभर म्हणजे एकशे वीस?"

"नाही. शंभर म्हणजे शंभर," थोरलीनं सुतळी आवळून गाठ मारली. "लिहायचे शंभरच. द्यायचे माणूस बघून."